पाणपिसूला विचारून पाहा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीतला आठवीतला एक मुलगा काचेची बरणी घेऊन दारात उभा राहिला. चेहरा पडलेला. "काका, सगळे मेले. आज सकाळीच आणले होते." बरणीच्या तळाशी पांढुरकी धूळ बसावी तसे काहीतरी साचले होते. गप्पीच्या पिल्लांना खायला म्हणून त्याने मासेवाल्या दुकानातून जिवंत खाद्य आणले होते. दुकानदार त्याला 'मॉइना' म्हणतो. पिशवीतले पाणी थोडे वाटले म्हणून याने वरून नळाचे पाणी ओतले, आणि दुपारपर्यंत खेळ आटोपला.

"आपलं पाणी विषारी आहे का?" त्याने विचारले. त्याच्या आईने तोवर फिल्टरवाल्याला फोनही लावला होता.

पाणी विषारी नव्हते. उलट ते जसे असायला हवे तसेच असावे. रावेतच्या बंधाऱ्यावर पवनेतून उचललेले पाणी निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि त्यात क्लोरीन घातला जातो. घरच्या नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा, अशी पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची अपेक्षा आहे. वाटेत पाइपात जंतू शिरले तर ते मरावेत, यासाठी. एवढ्याशा क्लोरीनचे आपल्या पोटाला काही होत नाही. मॉइना मात्र मिलिमीटरभर लांबीचा जीव. सगळे अंग पाण्यात, श्वास पाण्यातून, खाणे पाणी गाळून. त्याला तेवढा क्लोरीन पुरतो.

म्हणजे त्या मुलाने नकळत एक चाचणी केली होती. उत्तर बरोबर आले होते, प्रश्न मात्र चुकीचा लावला होता. आजच्या लेखाचा विषय हीच चाचणी आहे. ती आपल्या नदीसाठी नेमाने व्हायला हवी, असे माझे मत आहे. का, ते सांगतो.

मॉइना, डॅफ्निया, सेरिओडॅफ्निया ही एकाच कुळकुटुंबातली मंडळी. इंग्रजीत यांना पाण्यातली पिसू म्हणतात, मराठीत पाणपिसू म्हणायला हरकत नाही. पिसवेशी यांचे नाते फक्त उडी मारत पोहण्यापुरते. खरे नातेवाईक म्हणजे कोळंबी आणि खेकडे, कारण हेही कवचधारी प्राणीच. डॅफ्नियाचे कवच काचेसारखे पारदर्शक असते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारे हृदय, हिरव्या शेवाळाने भरलेले आतडे आणि पाठीवरच्या पिशवीतली अंडी, सगळे उघड दिसते. पाण्यात प्राणवायू कमी झाला की हा प्राणी हिमोग्लोबिन जास्त बनवतो आणि लालसर दिसू लागतो. शाळेत बेडूक कापून शरीर शिकलेल्या आमच्या पिढीला, काहीही न कापता इतके दाखवणारा प्राणी आहे हे कुणी सांगितले नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

वैद्यकशास्त्रावरही याचे उपकार आहेत. १८८४ मध्ये इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने डॅफ्नियाच्या पारदर्शक शरीरात शिरलेल्या यीस्टच्या बीजाणूंना त्याच्याच पेशी वेढून गिळताना पाहिल्या. शरीरातल्या भक्षक पेशी रोगजंतूंशी लढतात, या कल्पनेचा तो मोठा आधार ठरला. पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ मध्ये डॅफ्नियाच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात तीस हजारांहून अधिक जनुके निघाली. माणसाच्या प्रथिने बनवणाऱ्या जनुकांपेक्षा हा आकडा मोठा आहे. मिलिमीटरच्या जिवापुढे आपण थोडे नमते घ्यावे, असा हा हिशोब.

आता नदीकडे येऊ.

पवना आमच्या पिंपळे गुरवच्या काठाने जाते, पलीकडे कासारवाडी. थोडे पुढे सांगवी आणि दापोडीशी ती मुळेला मिळते. वर थेरगावला केजुबाई बंधारा आहे. तिथे पाण्यावर पांढरा फेस आणि पोटे वर करून तरंगणारे मासे हे दृश्य इतक्यांदा छापून आले आहे, की आता त्या फोटोंकडे कुणी थांबून पाहत नाही. पलीकडच्या इंद्रायणीवर आळंदीच्या घाटालाही फेसाची तीच कथा. फोटो आला की नेहमीचे नाटक सुरू होते. काठचे रहिवासी म्हणतात, कंपन्यांनी रात्री केमिकल सोडले. उद्योजक म्हणतात, आमचे पाणी प्रक्रिया करूनच बाहेर जाते, नदीत येतो तो महापालिकेचा मैला. महापालिका नाल्याकडे बोट दाखवते. प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुना घेते. अहवाल येतो तोवर फेस विरलेला असतो, आणि त्यात बीओडी, सीओडी, सामू असे आकडे असतात. ते वाचून मासे कशाने मेले हे कुणालाच कळत नाही, कारण त्या आकड्यांचे ते कामच नाही.

बीओडी सांगतो की पाण्यात जंतूंना खायला किती घाण आहे. सीओडी सांगतो रसायनाने जाळता येईल असे एकूण किती आहे. दोन्ही उपयोगाचे. पण एक लिटर ताक नाल्यात ओतले तरी बीओडी वाढतो, आणि चिमूटभर कीटकनाशक पडले तर तो हलतही नाही. माशासाठी यातले मारक कोणते, ते वेगळे सांगायला नको.

मग एकेक विष मोजावे, असे कुणी म्हणेल. मोजतातही. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम, सायनाइड यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. अडचण अशी, की यादीत आहे तेवढेच सापडते. आपल्या पट्ट्यात काय नाही? मोठ्या वाहन कंपन्या, त्यांना सुटे भाग देणारे शेकडो कारखाने, भोसरी-चिंचवडच्या गल्ल्यांतले प्लेटिंगवाले, रंगकाम, पावडर कोटिंग, फोर्जिंग, कटिंग ऑइल, डिग्रीझर, शिवाय लाखो घरांतली धुण्याची पावडर आणि फ्लोअर क्लीनर. या सगळ्याचे मिश्रण नाल्यात होते. सुटी सुटी मोजली तर प्रत्येक गोष्ट मर्यादेत भरेल, आणि एकत्र मात्र मारक ठरेल. उलटही होते. तांब्याचेच पाहा. मऊ, स्वच्छ पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी तांबे ४८ तासांत निम्म्या डॅफ्नियांची हालचाल थांबवू शकते. नदीत सोडायच्या सांडपाण्यात सर्वसाधारण मानकाने चालणारे तांबे लिटरमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे तीसपट. पण पाणी जड असेल, त्यात सेंद्रिय गाळ असेल, तर तांबे त्याला चिकटून बसते आणि त्याचा दंश बोथट होतो. यंत्र दोन्ही ठिकाणी तांब्याचा तोच आकडा देईल. विषारी आहे की नाही हे ठरवणारा फरक यंत्राला दिसत नाही, जिवाला दिसतो.

म्हणून जिवालाच विचारायचे. १९४४ मध्ये बर्टिल अँडरसन यांनी कारखान्यांच्या सांडपाण्यात सापडणारे कितीतरी पदार्थ डॅफ्नियावर तपासून कोणता कुठल्या प्रमाणापासून घातक ठरतो, याची यादी प्रसिद्ध केली. तेव्हापासून ही पद्धत घासूनपुसून इतकी साधी झाली आहे, की बीएस्सीच्या प्रयोगशाळेत सहज बसते. चोवीस तासांपेक्षा कमी वयाची पिल्ले घ्यायची. सांडपाण्याच्या निरनिराळ्या पातळपणाचे पेले मांडायचे आणि एका पेल्यात फक्त स्वच्छ पाणी ठेवायचे. प्रत्येक पातळीला किमान वीस पिल्ले, शक्यतो पाच-पाचच्या चार गटांत. दोन दिवस खायला द्यायचे नाही. ४८ तासांनी पेला हलकेच ढवळून पंधरा सेकंद पाहायचे. जे पोहत नाही ते 'थांबले' असे धरायचे. किती पातळ केल्यावर निम्मे थांबतात, तो आकडा म्हणजे निकाल. स्वच्छ पाण्यातलीच दहा टक्क्यांहून जास्त थांबली, तर सगळी चाचणी रद्द. ही शेवटची अट मला फार आवडते. आपल्याकडच्या कितीतरी सार्वजनिक दाव्यांना ती लावता आली असती.

डॅफ्नियाच का? मादी बहुतेक वेळा नराशिवायच प्रजनन करते आणि पिल्ले तिची हुबेहूब नक्कल असतात. एका आईपासून वाढवलेली शेकडो पिल्ले जवळजवळ एकसारखी वागतात, त्यामुळे आजचा निकाल आणि पुढच्या महिन्याचा निकाल ताडून पाहता येतो. शिवाय नदीच्या अन्नसाखळीत हिची जागा मोक्याची. खाली शेवाळ, वर मासे, मध्ये ही. ती गेली की वरचा मासा उपाशी आणि खालचे शेवाळ मोकाट.

आता फेसाच्या भांडणाकडे परत येतो, कारण या चाचणीचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. उन्हाळ्यात मासे मरतात तेव्हा दोन शक्यता मोठ्या असतात. एक, मैलापाण्याने प्राणवायू खाऊन टाकला आणि मासे गुदमरले. दोन, पाण्यात विष आले. पहिलीत दोष महापालिकेचा आणि नाल्यांना जोडलेल्या आपल्या सगळ्यांच्या ड्रेनेजचा. दुसरीत बहुधा आणखी कुणाचा. मेलेला मासा पाहून हे ओळखणे अवघड. पण मेलेल्या माशाजवळचेच पाणी बाटलीत भरून, थंड ठेवून प्रयोगशाळेत आणले, पंपाने त्यात हवा सोडून प्राणवायू पुरेसा केला आणि मग पिल्ले सोडली, तर? ती मजेत पोहत राहिली, तर संशयाची सुई प्राणवायूकडे वळते. तरीही थांबली, तर पाण्यात विष आहे.

आणि विष आहे म्हटल्यावर ते कोणते, याचा मागही याच पिल्लांच्या मदतीने काढता येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ही पद्धत तपशीलवार बसवली आहे आणि ती एखाद्या तपासकथेसारखी आहे. त्याच पाण्याचे वेगवेगळे वाटे करायचे. एका वाट्यात हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट घालायचे. पिल्ले वाचली तर आरोपी क्लोरीन किंवा तसलाच काही. दुसऱ्यात ईडीटीए घालायचे, ते धातूंना पकडून ठेवते. वाचली तर संशय तांबे, जस्त, निकेल अशांवर. तिसऱ्या वाट्याचा सामू खालीवर करून पाहायचा. मैलापाण्यातला अमोनिया सामू वाढला की जास्त मारक होतो, कमी झाला की नरम पडतो. चौथा वाटा सेंद्रिय रसायने शोषणाऱ्या गाळणीतून काढायचा. त्यानंतर पिल्ले तगली तर कीटकनाशक, डिटर्जंट, द्रावक यांच्याकडे पाहायचे. एवढे झाल्यावर महागडे यंत्र लावायचे, कारण आता काय शोधायचे हे ठाऊक असते.

याने काय साधते याचे कॅलिफोर्नियातले उदाहरण बोलके आहे. तिथल्या सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या पाण्यात गेल्या शतकाच्या अखेरीस सेरिओडॅफ्निया मरू लागल्या. नेहमीच्या आकड्यांत काही वावगे दिसत नव्हते. वर सांगितलेल्या रीतीने माग काढल्यावर धागा पोचला हिवाळ्यात फळबागांवर फवारल्या जाणाऱ्या डायझिनॉनपाशी. पावसाने ते बागांतून वाहून नदीत येत होते. कुणी कारखाना नाही, रात्रीचा टँकर नाही. पिसवेला विचारले नसते, तर बागायतदाराकडे कुणी पाहिलेच नसते.

आपल्याकडेही असे धक्के बसू शकतात, हे लक्षात ठेवायला हवे. पवनेवर दर उन्हाळ्यात जलपर्णी माजते, तिच्यात डास होतात, मग फवारणी आणि धूर. डासांसाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधे कवचधाऱ्यांना अत्यंत मारक असतात, कारण कीटक आणि कवचधारी हे दूरचे भाऊच. डासांच्या अळ्यांसाठीचे टेमेफॉसही तसेच. गंमत म्हणजे आपण ते कवचधाऱ्यांना मारायलाही मुद्दाम वापरले आहे. नारू आठवतो? पायातून दोरीसारखा निघणारा तो जंत पसरवायचा सायक्लॉप्स, हाही विहिरी-बारवांतला एक सूक्ष्म कवचधारीच. नारूच्या मोहिमेत पाणी गाळून प्यायला शिकवले गेले आणि पाणवठ्यांत टेमेफॉसही टाकले गेले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. ते योग्यच झाले. पण आज नदीकाठच्या फवारणीने किती पाणपिसवा जातात, आणि त्या गेल्यावर डासांच्या अळ्यांशी अन्नासाठी स्पर्धा करणारे कोण उरते, हा प्रश्न आरोग्य विभागानेच विचारायला हवा.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी परदेशी थेरं. तसे नाही. जिवंत प्राण्यावर सांडपाणी तपासण्याची अट आपल्या नियमांत आहे. पर्यावरण संरक्षण नियमांत १९९३ मध्ये घातलेल्या सर्वसाधारण मानकांत एक ओळ अशी आहे, की अजिबात पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. वाचायला किती सुंदर! या ओळीला नदीकाठच्या भांडणात स्थान का नाही, याचे मला आश्चर्य वाटते. माझ्या मते एक कारण माशातच आहे. मासा वाढवायला टाक्या लागतात, चार दिवस लागतात, पाणी भरपूर लागते. रोजच्या देखरेखीला ते परवडत नाही. पाणपिसवेला दोन दिवस आणि पेलाभर पाणी पुरते. माशाची अट कायद्यात राहू द्यावी, पण तिच्याआधीची चाळणी म्हणून पाणपिसवेची चाचणी नियमांत आणावी. माशांचा जीवही त्यामुळे वाचेल. युरोपात प्राणिप्रयोगांचा कायदा माशाला लागू आहे, डॅफ्नियाला नाही. हा फरक नैतिकदृष्ट्या पुरेसा आहे का, यावर मी शपथेवर बोलणार नाही. वीस पिल्ले मरतात हे खरे. केजुबाईला एका रात्रीत किती मरतात तेही खरे.

मात्र एक गोष्ट परदेशातून जशीच्या तशी उचलू नये. पाठ्यपुस्तकातली मोठी डॅफ्निया मॅग्ना थंड पाण्यातली. तिच्या चाचणीला १८ ते २२ अंश तापमान लागते. मे महिन्यात पुण्यातल्या महाविद्यालयात एवढी थंडी ठेवायची तर एसीचे बिल चाचणीपेक्षा जास्त. सेरिओडॅफ्नियाची अमेरिकन चाचणी २५ अंशांवर चालते, मॉइना तर आपल्याच डबक्यांत वाढते. पुणे परिसरात या सूक्ष्म कवचधाऱ्यांचा अभ्यास करणारी संशोधकांची चांगली फळी आहे, आणि हे बाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात भरणाऱ्या डबक्यांत फेअरी श्रिम्प नावाचे उलटे पोहणारे नाजूक कवचधारी सापडतात. त्यांतल्या एका जातीचे २०१४ मध्ये शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हा तिला 'स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस' असे नाव मिळाले. हे प्राणी डबके आटण्याआधी टणक अंडी टाकून जातात. ती कोरडी पडून राहतात आणि पाणी मिळाले की फुटतात. युरोपात याच गुणाचा फायदा घेऊन फेअरी श्रिम्पच्या अमेरिकी जातीची सुकी अंडी कुपीत भरून विकतात. हवी तेव्हा भिजवायची आणि चाचणी लावायची. रोज प्राणी पोसण्याची कटकट नाही. आपल्या सड्यांवरच्या जातींतून असे काही तयार झाले तर नाशिक, कोल्हापूर, महाड, तारापूर, कुठल्याही औद्योगिक गावाला ते उपयोगी पडेल. अर्थात त्यासाठी सडे शिल्लक राहायला हवेत.

पाणपिसू काय सांगत नाही, तेही सांगायला हवे, नाहीतर फिल्टरवाल्याला आणखी फोन जातील. ती जंतूंबद्दल बोलत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याची चर्चा झाली, त्या प्रश्नाला डॅफ्नियाकडे उत्तर नव्हते. जंतूंनी भरलेल्या पाण्यात ती आनंदाने चरते, किंबहुना जंतू हे तिचे जेवण. प्रतिजैविकांचे अंश तिला सहसा चटकन मारत नाहीत. त्यांचा धोका वेगळा, औषधांना न जुमानणारे जीवाणू तयार होण्याचा. तणनाशके शेवाळाला आधी मारतात. म्हणून जाणकार शेवाळ, पाणपिसू आणि मासा अशी तिघांची साक्ष घ्यायला सांगतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पाणपिसू मेली म्हणजे ते पाणी माणसाला विषारी, असे गणित नाही. बरणीतल्या मॉइनाने ते दाखवलेच. कर्करोग होईल का, किडनीवर परिणाम होईल का, असल्या प्रश्नांना ४८ तासांची चाचणी हात लावत नाही. तिचा प्रश्न साधा आहे: या पाण्यात, आत्ता, नदीतला जीव जगतो का?

एवढ्याच प्रश्नाचे उत्तर जरी दर आठवड्याला मिळाले, तरी पुष्कळ. रावेतच्या वर एक, केजुबाईला एक, पिंपळे गुरवच्या घाटाशी एक आणि दापोडीच्या संगमाआधी एक, अशा चार बाटल्या. शहरात विज्ञान महाविद्यालये आहेत, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, त्यांना प्रकल्प हवेच असतात. महापालिकेने पेले आणि एक थंड खोली द्यावी. आकडे फलकावर आणि संकेतस्थळावर लावावेत. विद्यार्थ्यांच्या पेल्यातली पिल्ले कोर्टात पुरावा ठरणार नाहीत, हे मान्य. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नमुना कसा घ्यायचा, कारखानदाराला नोटीस कशी द्यायची, त्याचे दोन भाग करून ते कसे सीलबंद करायचे, हे ठरलेले आहे आणि ते मंडळाचेच काम. पण मंडळाच्या माणसाने बाटली घेऊन कधी आणि कुठे जायचे, हे तरी ही पिल्ले सांगू शकतील. ऱ्हाइन नदीकाठी असेच झाले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली आणि आग विझवायच्या पाण्याबरोबर टनावारी कीटकनाशके नदीत गेली, ईल मासे मोठ्या संख्येने मेले. त्यानंतरच्या वर्षांत त्या नदीच्या देखरेख केंद्रांवर जिवंत डॅफ्नियांतून नदीचे पाणी सतत खेळवून त्यांच्या पोहण्यावर यंत्राने नजर ठेवण्याची पद्धत रुळली. त्या गोंधळल्या की केंद्रात घंटा वाजते.

छोट्या कारखानदारांची धास्ती मला समजते. भोसरीतल्या एका प्लेटिंगवाल्या ओळखीच्यांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "सर, आता पिसू ठरवणार का माझं शॉप चालणार की नाही?" त्यांची तक्रार वाजवी आहे. त्यांच्याकडे दोन टाक्या, चार कामगार आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. त्यांच्या एकट्याच्या पाइपाला ही चाचणी लावून दंड ठोकावा, असे मी म्हणत नाही. उलट, आज फेस आला की पहिला आळ त्यांच्यावर येतो. ईडीटीए घातल्यावरही पिल्ले मेली आणि हवा सोडल्यावर किंवा सामू उतरवल्यावर जगली, तर तो आळ त्यांच्यावरून उतरून मैलापाण्यावर जाईल. आणि मैलाशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्यातला क्लोरीनच आरोपी ठरला, तर तो काबूत आणायला चिमूटभर हायपो आणि थोडी शिस्त पुरते. नियमाने सांडपाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत क्लोरीन चालतो. आमच्या बरणीत त्याचा छोटा हिस्साच होता.

बरणीवाल्या मुलाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. मासेवाल्याकडून त्याने क्लोरीन काढायचे थेंब आणले, पाणी एक दिवस उघडे ठेवले, थोडे यीस्ट विरघळवून पाजले. दुसऱ्या खेपेचे मॉइना जगले. पंधरा दिवसांत पाणी ढगाळ दिसावे इतके वाढले. मग नेहमीप्रमाणे प्रश्न आला, "काका, नदीचं पाणी आणून घालू का यात?"

मी म्हटले, आणू, पण हातमोजे घालून, आणि मी बरोबर असताना. आणि एक नाही, तीन पेले मांडायचे. पहिल्यात आपलेच क्लोरीन काढलेले पाणी, दुसऱ्यात नदीचे, तिसऱ्यात नदीचेच पण फिशटँकचा पंप लावलेले. पहिल्यात का, असे त्याने विचारले, तिथे तर काहीच होणार नाही. मी म्हटले, तिथे काही होत नाही हे आधी पाहायला लागते. सध्या तो पहिल्याच पेल्यावर आहे. दोनदा मॉइना मेले, कारण यीस्ट जास्त झाले. तिसऱ्यांदा वीसपैकी एकोणीस पोहत आहेत. या रविवारी बाटली घेऊन घाटावर जायचे ठरले आहे.